कोच आणि तीन खुर्च्या

प्रत्येक धर्मग्रामाच्या कार्यालयात, एखाद्या लोखंडी कपाटात, बाप्तिस्म्याची नोंदवही असते. माणसाचे खरे वय त्या वहीला ठाऊक असते आणि कपाटाची किल्ली ज्याच्यापाशी असते त्या धर्मगुरूलाही. शाळेच्या दाखल्यावर एक वय, नोकरीच्या कागदावर दुसरे, सोयरिकीच्या बोलण्यात तिसरे आणि वहीत चौथे, हा प्रकार आम्ही इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्याचे नवल वाटत नाही. सावनेरच्या आसमंतात कोळशाच्या खाणी आहेत, संत्र्याच्या बागा आहेत. कष्ट करून पोट भरणारी माणसे येथे राहतात. कामावर लागताना कोणाचे एखादे साल इकडचे तिकडे झाले असेल तर त्यामागे पोटाची निकड असते. तिच्याविषयी आम्ही येथे काही बोलणार नाही. आम्हाला बोलायचे आहे ते पोटाशी काहीही संबंध नसलेल्या लपवाछपवीविषयी. साठी उलटलेला एखादा भारदस्त गृहस्थ मुलाच्या लग्नासाठी दाखला मागायला येतो आणि आम्ही वही उघडताच पत्नीच्या देखत हळूच म्हणतो, 'माझे साल मोठ्याने वाचू नका, फादर.' आम्ही हसतो आणि वाचत नाही. हे सौजन्य आम्ही पुरुषांच्या बाबतीत जितक्या वेळा दाखविले आहे, तितक्या वेळा स्त्रियांच्या बाबतीत दाखविण्याचा प्रसंग आलेला नाही.

असे असूनही प्रवचनपीठावर उभे राहिलो की आमच्या डोळ्यांसमोर पोकळ डौलाचे उदाहरण म्हणून प्रत्येक वेळी एखादी तरुण मुलगीच येते. एका उपवासकाळात आम्ही उपदेशकाच्या ग्रंथावर प्रवचन केले. या जगातील सारी धडपड कशी वाऱ्यासारखी निसटून जाते हे सांगता सांगता आम्ही ओठांच्या रंगावर, उंच टाचांच्या वहाणांवर आणि मोबाईलवर स्वतःचीच छायाचित्रे काढण्याच्या हौसेवर घसरलो. प्रवचन रंगले. वडीलधारी मंडळी माना डोलावीत होती आणि मुली खाली पाहत होत्या. मिस्सा आटोपल्यावर धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका सॅक्रिस्टीच्या दारापाशी थांबल्या. वय अठ्ठ्याहत्तर, वहीप्रमाणेही अठ्ठ्याहत्तरच. त्या म्हणाल्या, 'फादर, रागावणार नसाल तर एक विचारते. कलप कोणता लावता?'

वाचकहो, आम्ही कलप लावला होता. पंधरा दिवसांवर आमच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव आला होता आणि छायाचित्रकार येणार होता. आमच्या तोंडून उत्तर निघाले नाही. बाईंनी पिशवीतून एक जुने इंग्रजी पुस्तक काढून आमच्या हाती ठेवले. 'जेन ऑस्टेनची पत्रे आहेत. वाचून परत करा. घाई नाही, पण माझे वय पाहता फार उशीरही करू नका.'

पुढे याच बाईंनी धर्मग्राम परिषदेपुढे एक साधी सूचना मांडली. ज्येष्ठांच्या मासिक मेळाव्यात या पत्रांतील काही भाग मराठीत सांगावा, त्यावर बोलावे आणि मग चहा घ्यावा. सूचना फेटाळली गेली. तीन आक्षेप घेण्यात आले : एक, टोप्या, झगे आणि नाचाच्या गप्पांनी भरलेली पत्रे ऐकून आपल्या ज्येष्ठांचे कोणते कल्याण होणार? दोन, ती लेखिका आपल्या पंथाची नव्हती. तीन, म्हातारपण ही गंभीर गोष्ट आहे, तिची थट्टा करणे शोभत नाही. आम्ही त्या सभेचे अध्यक्ष होतो आणि एक शब्दही बोललो नाही. तेव्हा जे बोलायला हवे होते ते आज येथे लिहीत आहोत.

दुसऱ्या आक्षेपाचा निकाल आधी लावू, कारण तो सर्वांत सोपा आहे. जेन ऑस्टेन ही स्टीव्हनटन या इंग्लंडमधील खेड्यातल्या अँग्लिकन धर्मगुरूची मुलगी. जन्म १६ डिसेंबर १७७५, मृत्यू १८ जुलै १८१७. २०२५ साली तिच्या जन्माला अडीचशे वर्षे झाली. ती आपल्या पंथाची नव्हती हे खरे. पण 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही आपल्या पंथाच्या नव्हत्या, आणि तरीही स्वतःची फजिती मोकळेपणाने सांगणारे त्यांचे ते पुस्तक आपल्या घराघरांत वाचले गेले. चांगले पुस्तक दाराशी आले की त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला मागू नये.

आता पहिला आक्षेप. पत्रे क्षुल्लक गोष्टींची आहेत, हे आम्ही मान्य करतो. ऑस्टेनने लिहिलेल्या पत्रांपैकी सुमारे एकशे साठ आज उपलब्ध आहेत आणि त्यांतली बहुतेक थोरली बहीण कॅसँड्रा हिला लिहिलेली आहेत. कॅसँड्राने स्वतःच्या मृत्यूपूर्वी, म्हणजे १८४५ पूर्वी काही वर्षे, त्यांतील मोठा भाग जाळून टाकला आणि काहींतील मजकूर कापून काढला. उरले ते घरगुती : कापडाचे भाव, पाहुण्यांची ये-जा, आजारपणे, नाचाच्या रात्री. ई. एम. फॉर्स्टर यांच्यासारख्या तिच्या चाहत्या कादंबरीकाराचीही ही पत्रे वाचून निराशा झाली होती. पण आम्ही विचारतो, माणूस म्हातारा होतो तो कुठे? ग्रंथालयात नव्हे, आरशापुढे, शिंप्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, छायाचित्रासाठी रांग लावताना. मग त्या म्हातारपणाची खरी नोंद अशाच क्षुल्लक जागी सापडणार.

तीन पत्रे पाहा. १८०८ सालच्या ९ डिसेंबरचे पत्र आहे. तेहेतीस वर्षे पुरी व्हायला आठवडा उरला आहे. साउदॅम्प्टन येथे ती एका नाचाच्या समारंभास गेली आणि तिच्या ध्यानात आले की पंधरा वर्षांपूर्वी आपण याच दालनात नाचलो होतो. तिने ते सारे मनात आठवून पाहिले. इतके वय वाढल्याची थोडी लाज वाटते असे ती म्हणते आणि त्याच वाक्यात कृतज्ञतेने कबूल करते की आपण तेव्हा जितक्या आनंदी होतो तितक्याच आजही आहोत. वर बहिणीला हेही कळविते की, तुझा विश्वास बसणार नाही, पण आज मला कोणीतरी नाचायला बोलावलेसुद्धा!

दुसरे पत्र ६ नोव्हेंबर १८१३ चे, केंट परगण्यातील गॉडमरशॅम येथील भावाच्या प्रशस्त घरातून लिहिलेले. आता अडतीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरला आहे. तरुण म्हणून मिरवण्याचे दिवस आता संपवायलाच हवेत असे मान्य करून ती सांगते की तरुण मुलींची पाठराखीण होण्यात बरीच सुखे आहेत. विस्तवाशेजारच्या कोचावर बसायला मिळते आणि द्राक्षरस हवा तेवढा पिता येतो. एवढेच. ना उसासा, ना तत्त्वज्ञान. आपल्याकडे अडतिशीची अविवाहित बहीण भावाच्या घरी लग्नघाईत कोठे बसविली जाते आणि तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या कोचाची किंमत कळेल.

तिसरे पत्र २३ मार्च १८१७ रोजी पुतणी फॅनी नाईट हिला लिहायला घेतलेले आहे. मृत्यू चार महिन्यांवर आला आहे. चेहऱ्याची रया गेली होती. काळा, पांढरा, नको तो प्रत्येक रंग त्यावर येऊन गेला, आता थोडा सुधार आहे. पण पुन्हा कधी टवटवीत दिसेन या भरवशावर राहता येणार नाही, अशा आशयाचे ती लिहिते. आणि पुढे म्हणते की या वयात आजारपण ही चैन धोक्याची आहे. मरणाच्या उंबरठ्यावर असलेली ही बाई आजारपणाला चैन म्हणते!

याला आम्ही उपरोध म्हणतो आणि या उपरोधाला आम्ही नम्रतेचा एक प्रकार मानतो. आमच्या परिषदेतील बंधूंना ही थट्टा वाटली. म्हातारपणाशी वागण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक लपविण्याची : कलप, जुने छायाचित्र, 'अजून काठी लागत नाही' अशी फुशारकी. दुसरी रडण्याची : 'आता आमचे काय राहिले, आम्हाला कोण विचारतो.' दोन्ही रीतींत आपण स्वतः देव्हाऱ्यात बसलेलो असतो. पहिलीत लोकांनी आपल्याला ओवाळावे अशी इच्छा असते, दुसरीत लोकांनी आपल्यासाठी हळहळावे अशी. ऑस्टेन स्वतःला त्या देव्हाऱ्यातून उचलून कोचावर बसविते आणि हसते. आपल्या वयाकडे दुसऱ्याच्या वयाइतक्याच सहजतेने तिला पाहता येते.

तिला अभिमान नव्हता असे मात्र नाही. १८१३ च्या जानेवारीत तिची दुसरी कादंबरी छापून घरी आली तेव्हा तिने त्या पुस्तकाला आपले लाडके मूल म्हटले आणि आठवड्याभरात बहिणीला कळविले की माझा अभिमान आता पुरेसा फुगला आहे. १८१५ च्या नोव्हेंबरात राजपुत्राच्या ग्रंथपालाने तिला एका विद्वान धर्मोपदेशकावर कादंबरी लिहिण्याचा सल्ला दिला. तेव्हा तिने उत्तर पाठविले की, लेखिका होण्याचे धाडस करणाऱ्या स्त्रियांत सर्वांत अशिक्षित आणि अजाण मीच, असे मी पूर्ण गर्वाने सांगू शकते. गर्व आहे हे ती नाकारीत नाही. त्याला दारात उभा करून त्याचे नाव मोठ्याने पुकारते. सेमिनरीत आम्हाला शिकविले होते की चौथ्या शतकातील वाळवंटवासी एवाग्रियसने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांच्या यादीत वृथाभिमान घातला होता आणि साधनेत पुढे गेलेल्यांनाच तो अधिक गाठतो अशी तापसांची शिकवण होती. कारण उघड आहे. दारू सोडल्याचा, उपास केल्याचा, नम्र झाल्याचासुद्धा अभिमान वाटू शकतो. गंभीर चेहऱ्याने त्याच्याशी लढायला गेलो की तो गंभीर चेहऱ्याचाच मुखवटा चढवितो. स्वतःवर हसणाऱ्यापुढे त्याला मुखवटा सापडत नाही.

आता तिसरा आक्षेप : म्हातारपणाची थट्टा शोभत नाही. ज्यांना शोभत नाही त्यांनी पवित्र शास्त्र पुन्हा उघडावे. ज्या उपदेशकाच्या ग्रंथावर आम्ही मुलींना झोडपले, त्याच ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात म्हातारपण कसे रंगविले आहे? शरीर म्हणजे जुने घर. दळणाऱ्या कमी झाल्या म्हणून थांबल्या, म्हणजे दात पडले. खिडकीतून पाहणाऱ्यांना अंधुक दिसू लागले. बदामाचे झाड फुलले, म्हणजे डोके पांढरे झाले. हे कोणा रडक्याचे लेखन नव्हे. त्यात मार्मिक हसू दडलेले आहे. आणि उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील सारा? या वयात आपल्याला मूल होणार हे ऐकून ती तंबूच्या दारामागे स्वतःच्या आणि नवऱ्याच्या वयावर हसली. परमेश्वराने तिला त्याचा जाब विचारला, तिने घाबरून नाकारले, आणि तरीही वचनाप्रमाणे मूल दिले. त्या मुलाचे नाव इसहाक. त्या नावात हसणे आहे. आपल्या विश्वासाच्या वंशावळीत दुसऱ्याच पिढीला एका म्हातारीचे हसू लाभले आहे, आणि आम्ही ज्येष्ठांच्या मेळाव्यात हसायला बंदी घालतो!

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली बुधवारच्या भेटींतून म्हातारपणावर एक संपूर्ण शिकवणमाला दिली. तीत त्यांनी इटलीची अभिनेत्री मान्यानी हिची आठवण सांगितली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढून टाकू या, असे कोणी सुचविताच ती म्हणाली होती की त्यांना हात लावू नका, त्या मिळवायला मला इतकी वर्षे लागली. परमगुरू एका नटीची गोष्ट सांगतात आणि सावनेरच्या परिषदेला एका धर्मगुरूच्या मुलीची पत्रे चालत नाहीत.

एक आक्षेप आमच्या परिषदेने घेतला नाही. तो आम्हीच घेतो, कारण तो खरा आहे. ऑस्टेन दुसऱ्यांच्या रूपावरही हसते, आणि काही ठिकाणी बोचेल असे हसते. साउदॅम्प्टनच्या त्याच पत्रात जोडीदार न मिळता उभ्या राहिलेल्या तरुणींच्या उघड्या खांद्यांना ती कुरूप म्हणून मोकळी होते. तिला संत ठरविण्याचा आमचा हेतू नाही. पण या पापाचे नाव तिला नेमके ठाऊक होते, हे तिच्याच 'एमा' या कादंबरीवरून कळते. बॉक्स हिल येथील सहलीत श्रीमंत, देखणी, तरुण एमा ही मिस बेट्स या गरीब, बडबड्या, उतारवयाच्या बाईची चारचौघांत थट्टा करते. नाइटली तिला बाजूला घेऊन विचारतो की, जी रोज अधिकच गरीब आणि अधिकच म्हातारी होत चालली आहे तिला हसताना तुला काहीच कसे वाटले नाही? एमा घरी जाताना वाटभर रडते. दुबळ्यावर हसणे हे पाप आणि स्वतःवर हसणे हे औषध, ही सीमारेषा याहून स्पष्ट कशी आखावी? आमचे ते प्रवचन या रेषेच्या कोणत्या बाजूला पडले, हे वाचकांनी ठरवावे. आम्ही ते ठरविले आहे.

आता पुरुषांकडे वळू. ऑस्टेनच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस, 'पर्स्वेजन' ही तिची कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत सर वॉल्टर एलियट नावाचा सरदार आहे. वय चोपन्न, आमच्याहून दोन वर्षांनी लहान. तो वाचतो ते एकच पुस्तक, सरदार घराण्यांच्या वंशावळींचे, कारण त्यात त्याचे स्वतःचे नाव आहे. त्याच्या खोलीत आरसेच आरसे. आजूबाजूचे सर्वजण म्हातारे होत चालले आहेत आणि आपण तेवढे जसेच्या तसे आहोत, अशी त्याची खात्री. रस्त्याने जाणाऱ्या स्त्रियांत देखणी एकही नाही, हे तो उभा राहून मोजतो. कर्जापायी त्याला घर भाड्याने द्यावे लागते, आणि तेथे राहायला आलेला ऊनवारा खाल्लेला दर्यासारंग पहिले काम कोणते करतो? ते आरसे खोलीतून काढवितो. पोकळ डौलाचा हा सर्वांत मोठा पुतळा घडविताना लेखिकेने मुलगी निवडली नाही, बाप निवडला.

आपल्या मराठीलाही हे माहीत होते. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघतो. त्याच्या वयावरची विनोदी पदे आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होती. तेथे म्हाताऱ्याचा डौल नुसता हास्यास्पद नाही; एका मुलीच्या आयुष्याची धूळधाण करायला तो निघालेला आहे. वय नाकारणारा माणूस नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे आयुष्य मागत असतो. देवलांचा विनोद तेथे बोट ठेवतो.

आणि सावनेरला राहणाऱ्याने राम गणेश गडकऱ्यांना विसरून कसे चालेल? 'बाळकराम' या नावाने मराठीला खदखदून हसविणारा हा नाटककार २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या याच गावी वारला. वय तेहेतीस वर्षे आठ महिने. देह क्षयाने झिजलेला असताना मरणाच्या तोंडावर त्यांनी 'भावबंधन' हे हसते-खेळते नाटक पुरे केले, असे सांगितले जाते. साउदॅम्प्टनच्या दालनात ऑस्टेनला वयाची लाज आणि कृतज्ञता एकदमच वाटली, त्या वयाच्या उंबरठ्यापलीकडे गडकऱ्यांना जेमतेम वर्ष मिळाले. परंपरा सांगते की प्रभू येशूचे पृथ्वीवरील आयुष्यही तेहेतीस वर्षांचेच होते. पिकलेला केस हा सर्वांच्या वाट्याला येत नाही. ज्या गावाने गडकऱ्यांची राख पाहिली त्या गावात कलप लावताना हात थोडा थरथरायला हवा. आमचा थरथरला नव्हता.

ऑस्टेनचेही पुढे काय झाले पाहा. तिचे निश्चितपणे तिचे म्हणता येईल असे समोरून काढलेले एकच चित्र आहे. कॅसँड्राने सुमारे १८१० साली काढलेले लहानसे रेखाटन. हाताची घडी, मिटलेले ओठ, डोळ्यांखाली थकवा. ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. भाच्याने, म्हणजे भावाच्या मुलाने, १८६९-७० च्या सुमारास तिचे चरित्र लिहिले तेव्हा हे चित्र फार करडे वाटले म्हणून एका चित्रकाराकडून ते गोड करून घेतले : गाल भरले, डोळे मोठे केले. २०१७ साली, तिच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, बँक ऑफ इंग्लंडने तिला दहा पौंडांच्या नोटेवर बसविले, आणि त्यासाठी निवडला तो हाच गोड केलेला चेहरा. जन्मभर जिने रंगरंगोटीला हसून वाट दाखविली, तिला मरणोत्तर रंग फासला गेला. याउलट विंचेस्टरच्या कॅथीड्रलमधील तिच्या मूळ कबरीच्या दगडावर स्वभाव, बुद्धी आणि श्रद्धा यांची स्तुती आहे. तिने कादंबऱ्या लिहिल्याचा उल्लेखही नाही.

आमच्या रौप्यमहोत्सवाच्या फ्लेक्सवर जे छायाचित्र झळकले ते पंधरा वर्षांपूर्वीचे होते. मुद्रकाने त्यातील गालही उजळले. नमुना आमच्याकडे मंजुरीसाठी आला होता, आणि मंजुरीची सही आमची आहे. खाली पंचवीस पदव्या-विशेषणे होती. ती मोजून आम्ही मनातल्या मनात म्हटले की सव्विसावे राहिले. त्या दिवशी मंडपात तीन तास भाषणे झाली आणि ज्यांनी आदल्या रात्री मंडप उभा केला ती पोरे जेवायला शेवटी बसली.

येथेच आमच्या वादाचा खरा मुद्दा येतो. म्हाताऱ्याचा डौल हा केसांपुरता राहता तर आम्ही इतके लिहिले नसते. तो खुर्चीत जाऊन बसतो. बँडची खुर्ची, सणाच्या समितीची खुर्ची, वेदीजवळची पहिली रांग, सभेतील शेवटचा शब्द. वर्षानुवर्षे त्याच त्या माणसांनी धरून ठेवलेल्या जागा आम्हाला ठाऊक आहेत. 'तरुण पुढे येत नाहीत' असे जे म्हणतात त्यांना आम्ही विचारतो, पुढे यायला जागा कोठे आहे? ख्रिस्तसभेने याचा विचार फार पूर्वी केला आहे. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी ऐंशी पुरी झालेल्या कार्डिनलांना नव्या पोपच्या निवडणुकीतून मुक्त केले. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे बिशपांनी आणि धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी पंचाहत्तरी पूर्ण होताच राजीनामा सादर करावा अशी विनंती आहे. २०१३ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पंच्याऐंशीव्या वर्षी आपली शक्ती उणी पडते असे जगापुढे सांगून संत पेत्राचे आसन सोडले. पेत्राचे आसन सोडता येते. लाऊडस्पीकर समितीचे अध्यक्षपद मात्र आपल्याकडे देहाबरोबरच सुटते.

या ठिकाणी ऑस्टेनची शेवटची गोष्ट सांगावीशी वाटते. ती पत्रांत नाही. तिची धाकटी भाची कॅरोलाइन हिने पुढे आठवणींत लिहून ठेवली आहे. १८१७ च्या सुमारास ऑस्टेन आजाराने खचली होती. चॉटनच्या त्या लहान घरातील कोचावर तिची आई पडून राहत असे. आईचे वय तेव्हा सत्त्याहत्तर. मुलगी तीन खुर्च्या ओळीने मांडून त्यांवर अंग टाकी आणि त्यालाच आपला कोच म्हणे. ते पाहणाऱ्या लहान मुलीला ती अवघडलेली दिसे. कोच रिकामा असतानाही ती त्यावर जात नसे. पोरीने खनपटीला बसून कारण विचारले तेव्हा तिने सांगितले की, मी एकदा जरी कोच वापरला तरी आजी तो माझ्यासाठी सोडू लागेल, आणि तिला हवे तेव्हा पडता येणार नाही. आईने त्यानंतर दहा वर्षे काढली. मुलगी त्याच वर्षी गेली.

चार वर्षांपूर्वी जी कोचाच्या सुखाचे कौतुक लिहीत होती तीच ही. कोच मिळाला तेव्हा हसत घेतला, द्यायचा झाला तेव्हा हसत दिला, आणि दिल्याचा गवगवा होऊ नये म्हणून खुर्च्यांनाच कोचाचे नाव दिले. बंधूंनो, हे क्षुल्लक आहे काय? उपरोधाचा अभ्यास ज्याने जन्मभर केला त्यालाच शेवटी अशी जागा सोडता येते. जो स्वतःवर कधीच हसला नाही तो जागा सोडतानाही सत्कार मागतो.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. एक : आमच्या धर्मग्रामात यापुढे कोणाही जिवंत माणसाचा फ्लेक्स लागू नये, धर्मगुरूचा तर नाहीच. दोन : कोणत्याही समितीवर एकच माणूस सहा वर्षांहून अधिक राहू नये; परिषदेतील ज्यांना याहून अधिक काळ झाला आहे त्यांनी पुढील बैठकीत आपणहून उठावे. उठताना शाल-श्रीफळ दिले जाणार नाही. तीन : पोकळ डौलावर प्रवचन करण्यापूर्वी धर्मगुरूने आरशात पाहावे. चार : बाईंची सूचना पुन्हा मांडली जावी. या वेळी अध्यक्ष गप्प बसणार नाहीत.

आमच्या केसांबद्दल सांगायचे तर कलप उतरतो आहे. सध्या डोके वरून पांढरे आणि खाली काळे दिसते. परवा धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका लहान मुलीने 'फादर, तुमच्या डोक्यावर राख सांडली का?' असे विचारले आणि सारा वर्ग हसला. राखेच्या बुधवारी आम्ही जे शब्दांनी सांगतो ते तिला आमच्या डोक्यावर दिसले. आम्हीही हसलो. पंचवीस वर्षांच्या सेवेत इतका योग्य सत्कार आमचा दुसरा झाला नव्हता.

बाईंचे पुस्तक अजून आमच्याकडेच आहे. ते लवकर परत करायला हवे, हे आम्हाला समजते. या लेखातील मते ज्यांना मान्य नसतील त्यांनी संपादकांकडे अवश्य लिहावे. वादाला आमची तयारी आहे. पत्राखाली नाव, गाव आणि खरे वय लिहावे, एवढीच विनंती. वय आम्ही वहीत पडताळून पाहू.